लिंक पाठवली म्हणजे शिकवलं?

शाळा पुन्हा बंद झाली. शनिवारी, ८ जानेवारी २०२२ ला मुंबईतून आदेश निघाला आणि सोमवारपासून कुलूप लागलं. १५ फेब्रुवारीपर्यंत कुलूपच राहणार असं त्या कागदावर लिहिलं होतं. त्याच कागदावर हेही लिहिलं आहे की हॉटेलं निम्म्या खुर्च्या भरून चालतील, सिनेमा निम्म्या खुर्च्या भरून चालेल, मॉलही निम्मे चालतील. शाळा मात्र निम्मीसुद्धा नाही. आमच्या वाडीच्या शाळेचा पट सतरा. सतरा लेकरं लिंबाखाली दोन-दोन हातांवर बसवली तरी अर्धी सावली मोकळी राहते. पण मुंबईच्या दोन हजार पोरांच्या शाळेला आणि घाटबोरीच्या जंगलाकडल्या सतरा पोरांच्या शाळेला माप एकच. ३ जानेवारीला सावित्रीमाईच्या फोटोला हार घातला, तो हार सुकायच्या आत ही बंदी आली.

आणि त्यासोबत ते नेहमीचं वाक्य: "विद्यार्थ्यांचे शिक्षण ऑनलाइन पद्धतीने सुरू राहील." या वेळी आम्ही त्या एका वाक्याशीच भांडणार आहोत. वनहक्काच्या दाव्यांच्या बातम्या मागच्या पानावर आहेत, त्या आधी वाचून घ्या पाहिजे तर. पण मग हे पान वाचाच. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. कारण दावा आज मिळाला तरी उद्या त्या जमिनीचा कागद वाचणार कोण, हा प्रश्न आहे.

आधी साधा हिशोब करू. जून २०२० मध्ये ज्या पोराचं नाव पहिलीत घातलं, तो जानेवारी २०२२ मध्ये कागदावर दुसरीत होता. सहा महिन्यांनी तिसरीत जाणार होता. तो खरंच वर्गात बसला किती दिवस? ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. बंद झाले ते जानेवारी २०२२ च्या त्या आदेशानं. रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर महिनाभर. शिक्षण हक्काच्या कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला कमीत कमी २०० दिवस आणि ८०० तास शाळा भरली पाहिजे असं आहे. दोन वर्षांत ४०० दिवस भरायला पाहिजे होते, भरले तीसेक. उरलेल्या दिवसांचं काय झालं असं विचारलं की उत्तर तयार असतं: ऑनलाइन झालं.

कुठं झालं?

जून २०२० आठवा. त्या महिन्यात इथून जवळचं आपलं लोणारचं सरोवर गुलाबी झालं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या बारीक जीवांमुळं पाण्याला तो रंग आला. त्याचे फोटो मोबाइलवरून जगभर फिरले. लोणारचं पाणी अमेरिकेत दिसलं, पण मेहकर तालुक्यातल्या लेकराला त्याच मोबाइलवरून 'क'चा धडा दिसला नाही. (खरं तर ते सरोवर हाच केवढा मोठा धडा होता. आपलं पाणी रंग काऊन बदललं, हे पोरांनी विचारलं होतं. कुणी सांगितलं नाही.)

त्याच जूनमध्ये शासनाचा निर्णय निघाला, शाळा मोबाइलवर सुरू झाली. घोषणा अशी की शाळा बंद, पण शिक्षण सुरू. रोज एक लिंक. दीक्षा नावाचं अॅप. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली'. पुढं व्हॉट्सअॅपवर दर आठवड्याचे 'स्वाध्याय'चे प्रश्न. पुस्तकात तो चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड, त्याच्यासमोर मोबाइल धरला की धडा बोलायला लागतो. हे सगळं वाईट होतं असं आम्ही म्हणत नाही. 'टिलीमिली' आमच्या एका कार्यकर्त्यानं मेहकरात नातलगाच्या घरी बसून पाहिली. चांगली होती, पुस्तकातलंच खेळातून सांगत होते. पण वाडीत टीव्ही दोन, आणि सकाळी लाइट असेल तर त्या. बाकीच्यांनी क्यूआर कोडकडं डोळ्यांनी पाहिलं. तो काही बोलला नाही.

ज्या घरात मोबाइल आहे त्या घराचंही ऐका. आमच्या शेजारची माय सांगत होती, "फोन त्याच्या बापाच्या खिशात, बाप कापसात. संध्याकाळी येते तवा बॅटरी मेलेली. पोट्ट्यानं काय माह्या तोंडाकडं पाहून शिकावं?" हे एका घराचं रडगाणं नाही. 'असर'च्या २०२१ च्या अहवालात देशभराचं हेच चित्र होतं. शंभरातल्या ६७ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यातल्या २६ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यांत गरीब वस्त्यांमधून जी पाहणी झाली, महाराष्ट्रही त्यात होता, तिच्यात खेड्यातल्या दलित-आदिवासी मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं निघाली ४ टक्के. शंभरात चार. आमच्या शाळेच्या सतरा पोरांत एकही पूर्ण येत नाही.

पैशाचंही पाहा. ज्या १ डिसेंबरला लहान वर्ग उघडले, नेमक्या त्याच दिवशी जिओचं रिचार्ज महाग झालं. रोजच्या दीड जीबीचं २८ दिवसांचं १९९ चं रिचार्ज २३९ वर गेलं. रोजगार हमीचा दिवसाचा दर २०२१-२२ मध्ये २४८ होता. म्हणजे महिन्यातला एक पूर्ण दिवस मोबाइल कंपनीसाठी खंती खणायची, तेव्हा पोराला सरकारी शाळेचं फुकट शिक्षण मिळणार. आणि रिचार्ज मारलं तरी नेट यायला पाहिजे. आमच्याकडं टेकडीवरच्या पळसाखाली दोन काड्या येतात. सात वर्षांच्या पोरीला रोज ३०-३० मिनिटं पळसाखाली उभी करायची का, हे ज्यांनी वेळापत्रक काढलं त्यांनी सांगावं.

आता खरी गोष्ट. एका शाळेच्या मास्तरांनी पालकांचा ग्रुप काढला. पालक सतरा, त्यातले नंबर जमले नऊ. दोन नंबर बंद, तीन साधे फोन, एक नंबर मुंबईला गेलेल्या काकाचा. राहिले तीन. रोज सकाळी लिंक पडायची. महिन्याच्या शेवटी वर अहवाल गेला तो असा, की अभ्यास सर्व विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवला. आम्ही मास्तरांना विचारलं, सर, असं कसं? ते चिडले नाहीत, खरं बोलले. म्हणाले, "फॉर्ममध्ये 'पाठवला का' असा रकाना आहे. 'शिकला का' असा रकाना नाही."

साथींनो, हे वाक्य आपल्याला नवं नाही. वनहक्काच्या दाव्यात आपण हेच भोगलं. दावा नामंजूर झाला तर दावेदाराला लेखी कळवायचं, कारण सांगायचं, अपिलाला ६० दिवस द्यायचे, असा नियम आहे. आणि काय होतं? कुठल्या तरी भिंतीला कागद चिकटवला, फोटो काढला, फाइलला लावला. झालं कळवून! साठ दिवस भिंत वाचत बसली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं दावे नामंजूर झालेल्यांना जंगलातून काढायचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांत तो थांबवावा लागला, तेव्हा हेच बाहेर आलं होतं की पुष्कळांना दावा नामंजूर झाल्याचंसुद्धा माहीत नव्हतं. लिंक पाठवली म्हणजे शिकवलं, आणि नोटीस चिकटवली म्हणजे कळवलं, ही एकाच डोक्यातून निघालेली दोन वाक्यं आहेत. दोन्हीकडं काम फाइलीचं होतं, माणसाचं होत नाही.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्काच्या कायद्यात शिक्षकाची कामं लिहिलेली आहेत, कलम २४. प्रत्येक मुलाला किती येतं ते तपासायचं, कमी पडलं तर जास्तीचं शिकवायचं, पालकांच्या नियमित सभा घेऊन पोराची हजेरी आणि प्रगती त्यांना सांगायची. त्यात 'शाळा बंद असेल तर यातून सुटका' असं कुठं नाही. शाळेची इमारत बंद होऊ शकते. शाळेची जबाबदारी कशी बंद होईल?

घरी राहिलेल्या लेकराला शाळेनं हात कसा द्यायचा, हे आम्हाला एका मॅडमनी दाखवलं. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. दुसऱ्या एका वाडीवर त्यांची शाळा. मार्च-एप्रिल २०२० मध्ये त्यांनीही लिंकाच पाठवल्या. मग त्यांना कळलं की आपण विहिरीत दगड टाकतोय आणि आवाजही येत नाही. पावसाळा लागल्यावर त्या दर गुरुवारी गाडीवर यायला लागल्या. तोंडाला रुमाल. वाडीत शिरायच्या नाहीत, बाहेर पाराजवळ थांबायच्या. प्रत्येक पोरासाठी एक पातळ वही. आठवड्याचा अभ्यास हातानं लिहिलेला, त्याच्या मेहकरात झेरॉक्स काढून वहीत चिकटवलेल्या. मागच्या गुरुवारची वही घ्यायची, नवी द्यायची. जुनी पुढच्या वेळी लाल पेनानं तपासून परत. चुकलं तिथं नुसती फुली मारलेली नसायची, 'असं करून पाहा' लिहिलेलं असायचं.

प्रश्नही कसे? "घरात शेळ्या किती? दोन विकल्या तर किती राहतील? एका शेळीचे बाजारात किती आले ते बापाला विचारून लिही." "चुलीपासून हापशापर्यंत पावलं मोज. आईची पावलं आणि तुझी पावलं सारखी का नाहीत?" बापाला विचारल्याशिवाय, मायबरोबर चालल्याशिवाय हा अभ्यास होतच नाही.

पण आम्हाला सगळ्यात पटलं ते खड्यांचं. बाया म्हणाल्या, मॅडम, आमाले वाचता येत नाई, आम्ही काय अभ्यास घेणार? त्यावर मॅडमनी सांगितलं, वाचता यायची गरज नाही. रात्री भाकरी टाकताना पोराला समोर बसवा, त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. तो अडखळला, थांबला, की एक खडा वाटीत टाका. गुरुवारी वाटी घेऊन या. पहिल्या गुरुवारी वाट्या भरून आल्या. एका मायनं तर टोपलंच आणलं, सगळे हसले. दिवाळीपर्यंत त्या वाटीत पाच-सहा खडे राहिले. माय निरक्षर, पण पोरगं कुठं अडतंय हे तिला कळत होतं आणि पोराला कळत होतं की कुणीतरी ऐकतंय. वाडीतली एक बारावी झालेली पोरगी रोज तासभर लहान्यांना घेऊन बसायची. तिला कुणी एक रुपया दिला नाही. झेरॉक्सचा आणि पेट्रोलचा खर्च मॅडमच्या खिशातून गेला.

हे लिहिताना आम्हाला आनंद होतो आणि रागही येतो. एका मॅडमच्या खिशावर आणि एका पोरीच्या फुकट कष्टावर शाळा चालवायची काय? ज्या सरकारनं अॅप काढलं त्याला पातळ वहीचा खर्च जड होता काय? वहीला रिचार्ज लागत नाही. ही पत्रिकाच पाहा. स्टेन्सिल कापून, शाई लावून, हातानं फिरवून काढतो. एका हातातून दुसऱ्या हातात जात ती लॉकडाउनमध्येही तुमच्यापर्यंत आली, थोडी उशिरा आली, पण आली. आम्हा फाटक्या लोकांचा कागद वाडीपर्यंत पोहोचतो, तर जिल्हा परिषदेच्या शाळेचा काऊन पोहोचू नये?

राज्यात इतर ठिकाणीही लोकांनी वाटा काढल्या. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, पोरं चालता चालता पाढे वाचायची. पालघरकडं मोखाड्याच्या पाड्यांवर भोंगा लावून धडे ऐकवले. आकाशवाणी नागपूरवरून 'शाळेबाहेरची शाळा' लागत होती, रेडिओला तर काडीही लागत नाही. म्हणजे मार्ग नव्हता असं कुणी म्हणू नये.

एक साहेब आम्हाला म्हणाले, "तुमच्या पालकांनाच गांभीर्य नाही. पोरं रानात फिरतात." साहेब, शाळेला कुलूप लावल्यावर सात वर्षांचं पोरगं माय-बापासोबत रानात जाणार नाही तर कुठं जाणार? एकटं घरात कोंडून ठेवायचं? आणि गांभीर्य नसतं तर खडे टाकायला बाया रात्री जाग्या राहिल्या असत्या का?

पण साहेबाला उत्तर देताना आपलंही थोडं बोललं पाहिजे. संघटनेनं दोन वर्षांत दाव्यांसाठी निवेदनं दिली, रेशनसाठी तहसीलवर बसलो, रोजगार हमीची कामं मागितली. शाळेसाठी किती वेळा गेलो? एकदाही नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असतात. आपल्यातले किती जण त्या समितीवर आहेत आणि किती जणांना आपण समितीवर आहोत हे माहीत आहे? सह्या मात्र आहेत आपल्या. त्या 'अभ्यास पोहोचला' म्हणणाऱ्या अहवालाखालीसुद्धा असतील. अजून एक कडू बोलतो. सहावी-सातवीच्या पोरी शाळा बंद म्हणून वेचणीला गेल्या, त्या शाळा उघडल्यावरही वेचणीलाच राहिल्या. दोघींची लग्नं झाली. शाळेचं कुलूप सरकारनं लावलं, पण त्या पोरींच्या मागं दार आपणच लावलं. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेल्या घरांची पोरं तर कुणाच्याच यादीत नाहीत, ना इथल्या शाळेच्या, ना तिथल्या.

कुणी म्हणेल, मग टॉवर मागा, सगळं सुटेल. टॉवर मागायचाच आहे, आणि तो भीक म्हणून मागायचा नाही. वनहक्क कायदा २००६, कलम ३ (२) काढून पाहा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पिण्याचं पाणी, विजेच्या आणि दूरसंचाराच्या तारा, अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक सोयीला एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, आणि ग्रामसभेची शिफारस असली पाहिजे. 'हे जंगल आहे, इथं तार येणार नाही' असं आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, ते २००६ च्या कायद्यानंच खोटं झालं आहे. बुलढाणा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, आपल्याला पेसा लागू नाही, हे खरं. पण वनहक्क कायदा लागू आहे, आणि त्यात वनगावाची, जुन्या वस्तीची, मोजणी न झालेल्या गावाचीही ग्रामसभा धरली आहे. तरी एक सांगून ठेवतो: टॉवर आला म्हणून पहिली-दुसरीचं पोरगं मोबाइलवर वाचायला शिकणार नाही. तार मोठ्या पोरांच्या कामाची, दवाखान्याच्या कामाची. लहान्यांना माणूस लागतो.

म्हणून या महिन्यात वाडी-वाडीवर सभा घ्यायची ठरली आहे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, हे विसरू नका. नाहीतर ठराव कच्चा म्हणून परत येतो, मागं दोन वाड्यांचा आला आहे. तार आणि शाळेच्या जागेचा ठराव त्या सभेत. दुसरं निवेदन शाळा व्यवस्थापन समितीच्या नावानं मेहकरला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं द्यायचं. त्यात मागणी अशी: आमच्या वाडीत रोगी नसेल तर शाळा झाडाखाली भरवा. भरवता येत नसेल तर शिक्षकानं आठवड्यातून एकदा वाडीवर यावं, प्रत्येक पोराची वही द्यावी, तपासून परत आणावी, आणि वहीचा, झेरॉक्सचा, पेट्रोलचा खर्च सरकारनं द्यावा. वाडीतल्या शिकलेल्या पोरीला किंवा पोराला रोजच्या तासाचं मानधन द्यावं. बाहेरगावी गेलेल्या पोरांची वेगळी यादी करावी. आणि अहवालाच्या फॉर्ममध्ये 'पाठवला का' याच्या शेजारी 'शिकला का' असा रकाना घालावा. तो रकाना पालकांसमोर, पाराजवळ बसून भरावा.

मास्तरांशी भांडायला जाऊ नका. त्यांनाही चेकपोस्टवर उभं केलं होतं, घरोघरी ताप मोजायला फिरवलं होतं. त्यांना सोबत घ्या. जे येणार नाहीत त्यांचं पुढच्या अंकात पाहू.

सभेला येताना घरातल्या शाळेच्या पोराला घेऊन या, त्याचं मराठीचं पुस्तकही आणा. सुरुवातीला प्रत्येक पोरगं एक पान वाचेल आणि खडे त्याची माय टाकेल. किती खडे पडले ते वाडीच्या नावासकट लिहून घ्या. निवेदनासोबत तोच आकडा लावायचा आहे. वाटी आपापली आणा.